बॉक्स घुमतो, शब्द कळत नाहीत: स्पीकरमध्ये कापूस कोंबण्याआधी काय तपासावं

"घुमायलाय बघा," एवढंच सांगून लोक बॉक्स टेबलावर ठेवतात. सप्त्याचे आणि लग्नाचे दिवस जवळ आले की ही तक्रार जास्त. पण या एका शब्दाखाली चार वेगवेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा आहे. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी आपलं दुखणं कोणतं ते ओळखा.

लक्षणं

पहिलं दुखणं खालच्या सुरांचं. पखवाजावर थाप कशीही पडो, प्रत्येक ठोका एकाच सुरात ‘धूऽऽम’ असा येतो आणि रेंगाळतो. ढोलकी लावा, कीबोर्डचे खालचे सूर लावा, सगळं त्याच सुराला चिकटतं. हे साधारण ५० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यातलं.

दुसरं दुखणं शब्दांचं. कीर्तनकार महाराज बोलतात ते ऐकू येतं, पण समजत नाही. आमच्याकडचे लोक म्हणतात, "आवाज रांजणातून आल्यावानी वाटायलाय, बोलच कळंना गेलेत." आवाज वाढवला की आणखी बिघडतो. हे २०० ते ६०० हर्ट्झच्या आसपासचं. बॉक्सच्या आतल्या अस्तराचा खरा संबंध याच दुखण्याशी आहे.

तिसरं म्हणजे ठरावीक सुरावरच येणारी फर्र, थरथर किंवा शीळ. बाकी वेळ बॉक्स ठणठणीत.

चौथं फसवं आहे. एक बॉक्स चालू असेल तर बरा वाजतो, दोन्ही चालू केले की बेस गायब आणि मधोमध बसणाऱ्याला सगळं पोकळ वाटतं.

हे वेगळं करून सांगायचं कारण असं की परभणी-जालना भागात कापसाला तोटा नाही, आणि कोणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं की बॉक्समध्ये कापूस भरला की घुमणं जातं. मग लोक मागचं झाकण उघडून मिळेल तेवढा कापूस कोंबतात. पहिलं, तिसरं आणि चौथं दुखणं कापसाने जात नाही. दुसरंसुद्धा कोंबलेल्या कापसाने अर्धवटच जातं, शिवाय आहे तो बेसही पळतो.

बॉक्स नेमकं काय करतो

कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा कागदी पडदा, पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची विरळ होते. उघडा ड्रायव्हर, म्हणजे बॉक्सशिवाय नुसता स्पीकर, वाजवला तर खालच्या सुरांत ही पुढची आणि मागची लाट काठाला वळसा घालून एकमेकींना खाऊन टाकते. बेस उरतच नाही. मागची लाट कोंडून ठेवायची, हे बॉक्सचं पहिलं काम.

पूर्ण बंद बॉक्समध्ये आतली हवा स्प्रिंगचं काम करते. बॉक्स जितका लहान तितकी ती स्प्रिंग कडक. भोकवाल्या, म्हणजे पोर्ट असलेल्या बॉक्समध्ये आतली हवा आणि पाईपमधला हवेचा दट्ट्या मिळून एका ठरावीक सुरावर डोलतात आणि तिथे बेसला हात देतात. मंडपात दिसणारे १२ आणि १५ इंची बॉक्स बहुतेक या दुसऱ्या जातीचे. तुमचा कोणता ते बघून ठेवा, कारण अस्तराचे नियम दोघांना वेगळे आहेत.

आता तपासण्या. आधी फुकटातल्या, मग दहा-वीस रुपयांच्या, शेवटी सुताराच्या.

१. बॉक्स उचलून बाहेर नेऊन वाजवा

अंगणात किंवा खळ्यावर, भिंतीपासून लांब, स्टँडवर ठेवून तेच रेकॉर्डिंग तेवढ्याच आवाजात लावा. दुखणं गेलं तर बॉक्स निर्दोष आहे, दोष जागेचा. पुढचं काही करायची गरज नाही.

खालचे सूर चहूकडे पसरतात. बॉक्स भिंतीला टेकवला की मागे जाणारा बेस परतून पुढे येतो. प्रत्येक जवळचा पृष्ठभाग बेसमध्ये ६ डेसिबलपर्यंत भर घालू शकतो. कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेल्या बॉक्सला दोन भिंती आणि एक फरशी, असे तीन पृष्ठभाग मिळतात. वरचे सूर मात्र तेवढेच राहतात. परिणामी शब्द बुडतात.

लाकडी स्टेजवर ठेवलेल्या बॉक्सची गत आणखी वाईट, कारण खालची पोकळ फळी स्वतःच वाजायला लागते. आणि पत्र्याचा सभामंडप! खाली फरशी, वर पत्रा, दोन्ही बाजूंना प्लास्टर केलेल्या भिंती. टाळी वाजवून बघा, किती वेळ रेंगाळते. लोक भरले की तिथलाच आवाज सुधारतो, कारण कपडे आणि माणसं आवाज शोषतात. रिकाम्या मंडपात दुपारी चाचणी घेऊन बॉक्सला नावं ठेवू नका. अशा ठिकाणी बॉक्स श्रोत्यांच्या जवळ आणावा, बसलेल्यांच्या डोक्याच्या वर उचलावा आणि तोंड थोडं खाली, लोकांकडे करावं. पत्र्याकडे आवाज जितका कमी जाईल तितके शब्द कळतील.

२. मिक्सरवरचे खटके

माईकच्या चॅनेलवर ‘लो कट’, म्हणजे खालचे सूर कापणारा खटका, असतो, ८० किंवा १०० हर्ट्झचा. तो दाबलेला आहे का बघा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ हर्ट्झपासून वर असतो, त्यामुळे यात बोलण्याचं फारसं काही जात नाही. धक्के, वारा आणि स्टेजचा धडधडाट मात्र जातो.

एको बंद करा. गावोगावी ऑपरेटरला एको इतका प्रिय का आहे हे मला कळत नाही. आधीच घुमणाऱ्या मंडपात एको सोडला की हरिपाठाच्या दोन ओळी एकमेकींवर चढतात.

माईक ओठांना चिकटवून बोलल्यावरही बेस फुगतो. समोरूनच आवाज पकडणाऱ्या माईकचा तो गुणच आहे. चार बोटं अंतर ठेवायला सांगा.

मग ३०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा ३-४ डेसिबल खाली ओढून बघा. शब्द उघडले तर दुसऱ्या लक्षणावर शिक्कामोर्तब झालं. कार्यक्रम आजच असेल तर इथेच थांबा आणि कार्यक्रम करा, आतलं काम नंतर.

३. वायर उलटी आहे का

हे चौथ्या लक्षणासाठी. साधा दीड व्होल्टचा सेल घ्या. अ‍ॅम्प्लिफायरपासून वायर सोडवा आणि वायरीच्या दोन टोकांना सेल क्षणभर टेकवा. वूफरचा, म्हणजे बेसच्या मोठ्या ड्रायव्हरचा, कोन पुढे येतो की मागे जातो ते बघा. दुसऱ्या बॉक्सला तसंच करा. दोन्ही एकाच दिशेने हलले पाहिजेत. काही जुन्या ड्रायव्हरमध्ये दिशा मुळातच उलटी असते, म्हणून कोन पुढेच आला पाहिजे असा हट्ट नको, दोघांचं जुळलं की झालं. ज्या बॉक्समध्ये अ‍ॅम्प्लिफायर आतच बसवलेला आहे त्याला ही चाचणी लावू नका.

एक कोन पुढे आणि दुसरा मागे जात असेल तर दोन बॉक्सचा बेस मैदानाच्या मध्यावर एकमेकांना खोडतो. वायर बदलली की सुटलं. खर्च शून्य.

४. बाहेरून हात फिरवा

तिसऱ्या लक्षणासाठी मोबाईलवर टोन वाजवणारं एखादं अ‍ॅप घ्या आणि ५०० हर्ट्झपासून हळूहळू खाली या. आवाज बेताचा ठेवा, आणि पोर्टवाल्या बॉक्सवर ४० च्या खाली जोरात जाऊ नका. पोर्टच्या सुराच्या खाली आतली हवा कोनाला आवरत नाही, तो मोकाट हलतो आणि कॉईल, म्हणजे त्याला जोडलेलं तारेचं वेटोळं, आपटते.

फर्र आली की त्या सुरावर थांबा आणि एकेका वस्तूवर हात दाबा: पुढची जाळी, हँडल, चाकं, कोपऱ्याच्या पत्र्याच्या टोप्या, मागची वायर लावायची प्लेट, कंपनीच्या नावाची पट्टी. कुठे दाबल्यावर फर्र थांबते ते सापडलं की काम झालं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो, टेम्पोच्या पत्र्याखाली त्याहून जास्त. लाकूड आक्रसतं, स्क्रू ढिले पडतात. स्क्रू आवळा, जाळीखाली पातळ फोमची पट्टी द्या.

ड्रायव्हरचे स्क्रू आवळताना समोरासमोरचे आवळा, टायर बदलताना आवळतो तसे. आणि दमाने. एकाच बाजूने ताकद लावली तर फ्रेम वाकते आणि कॉईल घासायला लागते.

५. हवा कुठून निसटते: अगरबत्तीची चाचणी

बंद बॉक्स असेल तर आधी दोन्ही हातांची बोटं कोनाच्या मध्याभोवती सारखी टेकवून तो हलकेच आत दाबा आणि सोडा. सावकाश परत आला तर बॉक्स हवाबंद आहे. लगेच उसळला तर गळती आहे. पोर्टवाल्या बॉक्सला ही चाचणी चालत नाही.

दोन्ही प्रकारांना चालणारी चाचणी अशी: ६० हर्ट्झच्या आसपासचा टोन लावा, अगरबत्ती पेटवा, पंखा बंद करा आणि धूर सांध्यांवरून हळूहळू न्या. ड्रायव्हरची कड, मागची प्लेट, हँडलच्या वाट्या, फळ्यांचे कोपरे. जिथे धूर थरथरतो किंवा फुंकल्यासारखा उडतो तिथे भोक आहे. जाळीचा फोम आणि कोनाचा कागद पेटेल एवढं जवळ जाऊ नका.

बंद बॉक्समध्ये गळती म्हणजे हवेची स्प्रिंगच ढिली. पोर्टवाल्यात गळती झाली की पोर्टचा जोर मरतो, आणि बारीक फटीतून हवा जोरात जाताना शीळ वाजते. इलाज स्वस्त आहे. ड्रायव्हरच्या कडेखाली दाराला लावतात ती फोमची चिकटपट्टी, सांध्याला आतून फेविकॉलमध्ये कालवलेला लाकडाचा भुसा, वायर जाते त्या भोकाला एम-सील. सिलिकॉन वापरलं तर ते पूर्ण सुकेपर्यंत ड्रायव्हर बसवू नका, त्याची वाफ कोनाच्या गोंदाला बरी नाही.

६. पोर्टमध्ये बॅटरी मारून बघा

पहिल्या लक्षणाचं कारण मला इथे सगळ्यात जास्त वेळा सापडतं. वर्षभर गोदामात पडलेल्या बॉक्सच्या पोर्टमध्ये उंदराचं घरटं असतं. कुंभारमाशी मातीचं घर करून पाईप अर्धा बुजवते. पोर्ट बुजला की बॉक्स ना धड बंद ना धड उघडा.

आणि कधी पाईपच जागेवर नसतो. आतला गोंद उन्हाने सुकतो आणि पाईप सुटून तळाशी पडतो. बाहेरून भोक जसंच्या तसं दिसतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. याने किती फरक पडतो ते बघा. ६० लिटरच्या बॉक्सला १० सेंमी आतला व्यास आणि १७ सेंमी लांबी असा पाईप असेल तर पोर्टचा सूर ४० हर्ट्झच्या आसपास येतो. पाईप गळून पडला आणि फक्त १८ मिमी फळीतलं भोक राहिलं तर तोच सूर ६५ च्या वर जातो. आता बॉक्स ६५ ला ठणकावतो, आणि त्याखाली कोनाला आधार नाही. पखवाजाची प्रत्येक थाप त्या सुरात अडकते ती यामुळे.

पाईप लांब केला की सूर खाली जातो, आखूड केला की वर. म्हणून पाईप तुटला तर त्याच व्यासाचा आणि त्याच लांबीचा पीव्हीसी तुकडा बसवा. ‘मिळाला तो’ बसवू नका. पाईपची आतली कड कानसाने गोल करा. मोठ्या आवाजात तिथे हवा खरखरते ती कमी होते. पुढे जाळी ठोका, म्हणजे उंदीर येणार नाही.

७. आता अस्तर

इथपर्यंत सगळं ठीक आणि तरीही आवाज रांजणातूनच येत असेल तर बॉक्स उघडा. उघडण्यापूर्वी मोबाईलवर त्याच जागी, त्याच आवाजात एखाद्याचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. कान लवकर फितूर होतात. दोन तास मेहनत केल्यावर सगळ्यांनाच आवाज सुधारलेला वाटतो.

आत घडतं काय ते मोजता येतं. दोन समोरासमोरच्या फळ्यांमध्ये लाट अडकते. तिचा सूर काढायला १७२०० ला आतल्या अंतराने, म्हणजे सेंटीमीटरने, भागा. आत ६५ उंच, ४२ रुंद आणि ३८ खोल असा बॉक्स घेतला तर आकडे येतात २६५, ४१० आणि ४५३ हर्ट्झ. तिन्ही माणसाच्या आवाजाच्या ऐन मधल्या पट्ट्यात. या सुरांवर आतली हवा शब्द संपल्यावरही वाजत राहते, आणि कोन म्हणजे शेवटी पातळ कागद, त्यातून ती बाहेर येते. शिवाय मागच्या फळीवरून परतलेली लाट ७६ सेंमी फिरून, दोन-सव्वादोन मिलीसेकंद उशिरा, त्याच कोनातून डोकावते.

चौकोनी, तिन्ही बाजू सारख्या असलेला बॉक्स यात सगळ्यात वाईट. ४५ सेंमीचा घन घेतला तर तिन्ही लाटा एकाच ३८२ हर्ट्झवर चढतात. जुन्या ढोबळ बॉक्समध्ये हा प्रकार फार दिसतो, सुताराला प्लायचा तुकडा वाया जाऊ द्यायचा नसतो. मागे निमुळते होत जाणारे बॉक्स या लाटा विखुरतात, पण मारत नाहीत. अस्तर त्यांनाही लागतंच.

अस्तराचं काम हलत्या हवेला घासून तिची ताकद खाणं आणि त्याची उष्णता करणं. फळीला लागून असलेली हवा हलूच शकत नाही, तिथे फक्त दाब असतो. हवा सगळ्यात जास्त हलते ती मध्यावर. म्हणून फळीला चिकटवलेल्या १ सेंमीच्या स्पंजचा २६५ हर्ट्झवर काडीचा उपयोग नाही. ५ सेंमी जाडीचा थर साधारण ५०० हर्ट्झच्या वर नीट काम करतो. त्याखालच्या लाटेसाठी माल फळीपासून सुटा, आतल्या मोकळ्या जागेत हवा.

माल कोणता? परीक्षा सोपी आहे. तुकडा तोंडाला लावून फुंका. हवा थोड्या अडथळ्याने पलीकडे गेली पाहिजे. थर्माकोल आणि टीव्हीच्या खोक्यात येणारा पांढरा फोम यातून हवा जातच नाही, म्हणून ते बाद. अंड्याचे ट्रे बाद. पातळ कार्पेट नुसतं दिसायला.

उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर, आपल्याकडे रेक्रॉन म्हणतात तो, घरगुती कामाला मला सगळ्यात पसंत. भिजत नाही, कुजत नाही, अंगाला खाजत नाही. ग्लासवूल आणि रॉकवूल आवाज शोषायला उत्तम, पण त्याचे तंतू हवेबरोबर उडून कॉईलच्या फटीत जातात आणि पोर्टमधून बाहेर लोकांच्या अंगावर येतात. वापरायचंच तर पातळ कापडात शिवून, हातमोजे आणि तोंडाला रुमाल बांधून. जुनी घोंगडी असेल तर फेकू नका. लोकर आवाज चांगला खाते. दोन-तीन पदरी घडी करून खिळ्याने मारा, मधल्या पदरांत थोडी हवा राहू द्या. फक्त कसर लागते, म्हणून आत डांबराची गोळी टाकून ठेवा.

आणि कापूस. आवाज शोषण्यात कापूस वाईट नाही, हे मान्य करायला हवं. पण तो टेम्पोच्या धक्क्यांनी दबून तळाशी बसतो, पावसाळ्यात ओल धरतो, सरकी राहिली असेल तर उंदराला आमंत्रण, आणि क्रॉसओव्हरचे (खालचे-वरचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटचे) गरम रेझिस्टर त्यात गाडले गेले तर पेटू शकतो. जिनिंगमधून फुकट मिळतो एवढ्या एका गुणावर तो बॉक्समध्ये जातो.

कुठे आणि किती: पोर्टवाल्या बॉक्समध्ये आधी वूफरच्या बरोबर मागची फळी, ५ सेंमी जाड. मग एक बाजूची फळी आणि वरची. समोरासमोरच्या जोडीतल्या एकीला लावलं तरी बरंच काम होतं. पोर्टच्या आतल्या तोंडापासून निदान पाईपच्या व्यासाएवढी जागा मोकळी ठेवा, आणि वूफर ते पोर्ट हा हवेचा रस्ता अडवू नका. उंचीची ती खालची लाट फारच त्रास देत असेल तर मागच्या फळीवर उंचीच्या मध्याशी जाड, सुटी गुंडाळी बांधा. थोडीच. प्रत्येक मूठ वाढवल्यावर वाजवून बघा. बेस मरायला लागला की शेवटची मूठ परत काढा.

बंद बॉक्समध्ये पूर्ण पोकळी सैलसर भरता येते, लिटरमागे ८ ते १६ ग्रॅम. ३० लिटरच्या बॉक्सला पाव किलो ते अर्धा किलोच्या आत. इथे एक जास्तीचा फायदा मिळतो. तंतू हवेची उष्णता घेतात-सोडतात, त्यामुळे हवेची स्प्रिंग मऊ होते आणि बॉक्स आहे त्यापेक्षा मोठा असल्यासारखा वागतो. हिशेबाने ही वाढ जास्तीत जास्त ४० टक्के. प्रत्यक्षात पाचवा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. दाबून भरलं तर उलटं होतं, माल स्वतःच जागा खातो.

मॅग्नेटच्या मागे भोक असेल तर ते झाकू नका. कॉईल तिथूनच थंड होते.

८. फळ्या ठोकून बघा

बोटाच्या पेराने प्रत्येक फळीच्या मध्यावर टकटक करा. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला तर ठीक. ‘ठों’ असा लांब आला तर ती फळी स्वतःच वाजते आहे, आणि अस्तर तिला थांबवू शकत नाही. अस्तर हवेसाठी असतं, फळीसाठी नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. १२ मिमीऐवजी १८ मिमी प्लाय घेतला तर ताठपणा तिपटीहून जास्त होतो. पण नवीन बॉक्स करण्यापेक्षा आतून आडवी पट्टी मारणं स्वस्त पडतं. दोन इंची लाकडी पट्टी, उभ्या कडेवर, फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही. फळीच्या बरोबर मध्यावर मारू नका, थोडी एका बाजूला सरकवून मारा, म्हणजे दोन्ही भाग एकाच सुरात वाजणार नाहीत. समोरासमोरच्या फळ्यांना जोडणारा दांडा सगळ्यात प्रभावी. भुशाच्या बोर्डाचा बॉक्स पावसात भिजून कोपरे फुगलेले असतील तर पट्ट्या मारण्यात पैसे घालू नका, त्यात स्क्रू धरतच नाही.

९. ड्रायव्हर बदललेला आहे का

हा प्रश्न मी गिऱ्हाइकाला आधीच विचारतो, इथे शेवटी येतो कारण इलाज महाग आहे. जळालेला १५ इंची काढून दुसरा १५ इंची बसवला आणि तेव्हापासून घुमतो, अशी हकीकत असेल तर अस्तर-पट्ट्यांनी फारसं होणार नाही. माप जुळलं म्हणजे स्वभाव जुळला असं नाही.

ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी हा स्वभाव आकड्यांत बसवला. ड्रायव्हरबरोबरच्या माहितीच्या कागदावर एफएस, क्यूईएस, क्यूटीएस, व्हीएएस असे जे आकडे असतात ते त्यांचेच. एफएस म्हणजे ड्रायव्हर स्वतः ज्या सुरावर डोलतो तो सूर, आणि क्यूईएस म्हणजे मॅग्नेट-कॉईल त्या डोलण्याला किती आवरतात त्याचा आकडा, जितका लहान तितका आवर जास्त. ढोबळ परीक्षा: एफएसला क्यूईएसने भागा. उत्तर १०० च्या आसपास किंवा वर असेल तर ड्रायव्हर पोर्टच्या बॉक्सचा, ५० च्या खाली असेल तर बंद बॉक्सचा. एफएस ४० आणि क्यूईएस ०.३५ असेल तर ११४, म्हणजे पोर्ट चालेल. एफएस ४५ आणि क्यूईएस ०.९५ असेल तर ४७. असा ड्रायव्हर पोर्टवाल्या बॉक्समध्ये घातला की तो एका सुरावर फुगणारच. दुकानदार आकड्यांचा कागद देत नसेल तर तो ड्रायव्हर घेऊ नका, भले स्वस्त असो.

कुठे थांबायचं

कोन हलकेच आत दाबताना आतून खरखर जाणवली तर कॉईल घासते आहे. बॉक्सचा काही संबंध नाही. वाजवणं बंद करा, कोन-कॉईल बदलणाऱ्या कारागिराकडे द्या. घासणारी कॉईल वाजवत राहिलात तर ती शॉर्ट होऊन अ‍ॅम्प्लिफायरही घेऊन जाते.

अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेला बॉक्स असेल तर सहाव्या तपासणीच्या पुढे जाऊ नका. वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका बसेल एवढा चार्ज राहतो, आणि हीटसिंकजवळ अस्तर गेलं तर सर्किट जळतं.

जळका वास आला, क्रॉसओव्हरचा कपॅसिटर फुगलेला दिसला, हॉर्नचा वरचा आवाज चिरका झाला, तर ते इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचं काम. वर टांगायच्या बॉक्सना, ज्यांना लोखंडी कड्या आणि पिना असतात, स्वतः भोक पाडू नका आणि त्यांच्या फळ्या सोडवू नका. खाली माणसं बसतात. वॉरंटी चालू असलेला बॉक्सही उघडू नका.

आणि कारागिराकडे जाताना नुसता ड्रायव्हर काढून नेऊ नका. बॉक्स नेणं जमत नसेल तर आतली लांबी, रुंदी, खोली, पाईपचा व्यास आणि लांबी, आत किती अस्तर होतं, हे कागदावर लिहून न्या. आधी आणि नंतर केलेलं मोबाईलचं रेकॉर्डिंगही ऐकवा.